अ‍ॅल्मा क्लेगच्या पट्टीवरची रेघ

हिल्डा शोरॉकच्या हातची पट्टी ब्रॅकनशॉ गावात कुणीही लांबून ओळखायचं. बोटांच्या मुळापासून निघून गुडघ्याखाली दोन बोटांवर थांबलेली, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली, कुठे चुणी नाही की फुगवटा नाही. इतर नर्सांनी बांधलेल्या पट्ट्या दोन-तीन दिवसांत घोट्याशी गोळा व्हायच्या. हिल्डाची पट्टी आठवडाभर जागची हलत नसे. बाजारात बायका म्हणायच्या, "नवरा पळून जाईल, हिल्डाची पट्टी नाही जायची."

गावात अशा पायांना तोटा नव्हता. खोऱ्यात एकेकाळी अकरा कापडगिरण्या होत्या. त्यातल्या नऊ बंद पडल्या, पण तिथल्या दगडी फरशीवर चाळीस-चाळीस वर्षं उभं राहून ज्या बायकांनी चार-चार साचे, म्हणजे यंत्रमाग, चालवले, त्यांचे पाय मागे उरले. शिरा फुगलेल्या, घोट्याजवळची कातडी तांबूसकाळी पडलेली. मग एखाद्या दिवशी कोळशाची बादली लागते, मांजर ओरबाडतं, एवढंसं निमित्त होतं आणि जखम उघडते ती वर्षवर्ष मिटत नाही. अशा जखमेला उपाय एकच. जस्ताच्या ओल्या मलमात भिजलेली पट्टी, तिच्यावर कापूस, आणि त्याच्यावर ताणून बांधलेली लवचिक पट्टी. वर चढायचं विसरलेलं रक्त त्या दाबानं पुन्हा वर चढू लागतं आणि जखम कडेकडेनं आत मिटत येते. मलमाची पट्टी वाळताना आवळते, म्हणून ती नुसती गुंडाळत सुटायची नसते. दर फेऱ्याला दुमडायची, कापायची, उलट फिरवायची. हिल्डाची बोटं हे काम असं करायची, की पाहणाऱ्याला वाटावं पायानंच आपणहून पट्टी ओढून घेतली. कसलेल्या नटाच्या हालचाली जशा कष्टाच्या वाटत नाहीत, तसं ते होतं.

हिल्डा विणकरणीची मुलगी. तिची आई क्लारा पन्नासाव्या वर्षी काठी घेऊन चालायला लागली. पंधराव्या वर्षी हिल्डाला गिरणीत घालायची वेळ आली तेव्हा क्लारानं तिला एक दिवस साचेखात्यात नेऊन उभं केलं आणि संध्याकाळी विचारलं, "पाय दुखतात?" हिल्डानं मान डोलावली. "मग उद्यापासून येऊ नकोस. माझे दोन दिले, तेवढे गिरणीला पुष्कळ झाले." हिल्डा नर्स झाली. आधी सायकलवरून आणि नंतर एका छोट्या करड्या मोटारीतून घरोघरी फिरून तिनं चोवीस वर्षं आईच्या वयाच्या बायकांचे पाय बांधले. लग्न केलं नाही. बहीण नेलीबरोबर राहायची. चोपन्न वर्षांची झाली तरी गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना ती 'क्लाराची पोर'च होती.

तिला हे नाव सगळ्यात हक्कानं लावायची ती अ‍ॅल्मा क्लेग. अ‍ॅल्माचे साचे क्लाराच्या साच्यांना लागून होते. साचेखात्यात आवाज असा, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून बायका आवाज न काढता, तोंड मोठं करून एकेक शब्द ओठांनी घडवायच्या आणि समोरची ते ओठ वाचायची. लग्न, भांडणं, बाळंतपणं, मुकादमाच्या चहाड्या, सगळं त्या गोंगाटात बिनआवाजी चालायचं. क्लारा आणि अ‍ॅल्मा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आपापल्या खिडकीत उभ्या राहून अशाच बोलायच्या, आणि लहानगी हिल्डा मध्ये उभी राहून आळीपाळीनं दोघींच्या तोंडांकडे पाहायची. क्लारा गेली तेव्हा तिच्या शवपेटीजवळ उभी राहून अ‍ॅल्मा ओठांनीच काहीतरी बोलली होती. काय, ते हिल्डानं वाचलं नव्हतं. तिनं त्या वेळी डोळे मिटून घेतले होते.

तर १९७४ सालच्या जानेवारीत अ‍ॅल्मामावशीच्या डाव्या पायाला, घोट्याच्या आतल्या बाजूला, जुन्या अर्ध्या क्राउनच्या नाण्याएवढी, चांगली सव्वा इंच रुंद जखम होती. चार वर्षं जुनी. आधीच्या नर्सनं नुसती कापडाची घडी ठेवून ठेवून ती जपली होती, असं अ‍ॅल्मा म्हणायची. "बाई मोठी मायाळू गं. जखमेला अगदी नातवासारखी वाढवली." मग तो रस्ता हिल्डाकडे आला.

दर गुरुवारी दहाला हिल्डा मागच्या दारानं आत यायची. जुनी पट्टी कापायची, पाय कोमट पाण्यात धुवायची, पारदर्शक कागद जखमेवर धरून कडेनं पेन फिरवायची आणि नवी पट्टी बांधायची. टेबलावर चहाची किटली लोकरीच्या टोपीखाली वाट पाहत असे, आणि बशीत मनुका भरलेले दोन चपटे केक. पट्टीला वीस मिनिटं लागायची आणि चहाला चाळीस.

"आणखी एक घे, पोरी. नर्स बारीक असली की लोकांना वाटतं रोगी कंजूस आहे."

"मावशी, मला अजून सात पाय बांधायचेत."

"ते कुठे पळतात? पळता येत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

अ‍ॅल्माला एकच हवं होतं. तिच्या चॅपलचा, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चचा, वार्षिक रविवार जूनमध्ये असायचा. त्या दिवशी वेदीसमोर लाकडी पायऱ्यांचा मंच बांधत आणि गावातल्या बायका-मुली पांढरे कपडे घालून त्यावर ओळीनं उभ्या राहून दोन तास गात. अ‍ॅल्मा सोळाव्या वर्षापासून दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरी. नवरा गेला त्या वर्षीही ती तिथे उभी होती. गेली चार वर्षं ती जागा दुसऱ्या कुणाची होती. पांढरी झालरीची चोळी मात्र दर मे महिन्यात ती धुवून, खळ लावून, इस्त्री करून कपाटाच्या दाराला टांगायची.

"दोन तास उभं राहीन का गं यंदा?"

हिल्डा कागदावरच्या रेघा दाखवायची. जानेवारीतला अर्धा क्राउन फेब्रुवारीत शिलिंगएवढा झाला, मार्चअखेर सहा पेनीएवढा. "मावशी, जूनमध्ये ही जखम सुईच्या टोकाएवढी उरेल, शोधावी लागेल."

आणि मग ईस्टरचा आठवडा आला. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी नेहमीच्या मलमपट्टीचे डबे संपले. भांडारातून दुसऱ्याच बनावटीचे आले. मलम तेच, जस्ताचं, पण ते टिकावं म्हणून त्यात वेगळं काहीतरी घातलेलं. नव्या मलमासाठी नियम साधा होता. पट्टीचा बोटभर तुकडा दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा, दोन दिवस थांबायचं, कातडी लाल झाली नाही तरच पायाला बांधायचं. हिल्डानं हा नियम इतर नर्सांना शिकवलेला होता. पण त्या दिवशी नेलीनं समुद्रावर दोन खोल्या घेतल्या होत्या आणि बस साडेबाराची होती. तुकडा चिकटवायचा म्हणजे शनिवारी पुन्हा यायला हवं. हिल्डानं डबा उघडला. वास थोडा वेगळा होता. 'मावशीच्या कातडीनं एवढी वर्षं काय काय सोसलंय,' तिनं मनाशी म्हटलं आणि पट्टी बांधली. सुरेख बांधली. बस मिळाली.

मंगळवारी ती परतली आणि दुसऱ्या घरी जाता जाता अ‍ॅल्माच्या दारावरून गेली. अ‍ॅल्मा उंबऱ्यात उभी होती.

"हिल्डा, खाजतंय गं. आग आग होतेय आत."

हिल्डानं मोटार बंदही केली नाही. काच खाली करून म्हणाली, "खाजतंय म्हणजे भरतंय, मावशी! चांगलं लक्षण आहे. गुरुवारी बघू."

"गुरुवारपर्यंत?"

"हात लावू नकोस हं."

गुरुवारी ती आत आली तेव्हा अ‍ॅल्मा खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर विणकाम, आणि खुर्चीच्या हातावर एकटीच पडलेली लांब, करडी सुई. पट्टीचं वरचं तोंड गुडघ्याखाली सैल झालेलं, आत काहीतरी खुपसून फिरवल्यासारखं. हिल्डानं पट्टी कापली. पायाची कातडी लाल झाली होती, ओरखडे होते, आणि सहा पेनीची जखम पुन्हा शिलिंगएवढी झाली होती.

आता हे समजून घ्यायला हवं, की या कामातल्या प्रत्येक नर्सला एक गोष्ट ठाऊक असते आणि ती तिला शिकाऊ असतानाच कुणीतरी कानात सांगितलेली असते. एकटी म्हातारी माणसं आपली जखम भरू देत नाहीत. जखम भरली की नर्स यायची बंद होते, चहा प्यायला कुणी उरत नाही. मग विणायची सुई पट्टीत सरकवायची आणि जखम जरा उघडायची. हे खोटं नाही. हिल्डानं स्वतः तसे दोघे पाहिले होते. पण खरी गोष्ट फार वर्षं उराशी धरली की ती पेटीतल्या मुखवट्यासारखी होते. चेहरा कुणाचाही असो, पटकन बसवता येते.

"मावशी, सुई घातलीस?"

"मागच्या बोथट टोकानं. वरूनच. फार खाजत होतं गं."

"मी सांगितलं होतं ना, हात लावू नकोस?"

"हात नाही लावला," अ‍ॅल्मा हसून म्हणाली. हिल्डा हसली नाही. जखम धुतली, त्याच नव्या डब्यातली पट्टी बांधली, आणि चहाचे दोन घोट घेऊन उठली.

बाहेर मॉरीन उभी होती, पलीकडच्या रस्त्यांची नर्स. तिला कापूस हवा होता. हिल्डानं मोटारीचं मागचं दार उघडलं, कापूस काढून दिला आणि मनातलं बोलून टाकलं.

"क्लेगबाई सुई घालते आतून. भरत आलेली जखम पुन्हा उघडली तिनं."

"कशाला गं?"

"कशाला म्हणजे? मी यायचं बंद होऊ नये म्हणून. एकटी आहे, दुसरं काय? चार महिने मी तिचे केक खातेय, मला आधीच कळायला हवं होतं."

खिडकी बंद होती. शब्द आत जाणं शक्यच नव्हतं. पण काचेपलीकडे, खुर्चीत, एकेचाळीस वर्षं ओठ वाचलेली बाई बसली होती, आणि हिल्डाचं तोंड तिच्या बरोबर समोर होतं.

हिल्डा पुन्हा आत गेली. पेन काढलं, खाली वाकली, आणि पट्टीच्या वरच्या तोंडापासून खाली घोट्यापर्यंत, सगळ्या पदरांवरून, एक सरळ निळी रेघ ओढली. एखादा पदर सरकला, कुणी आत काही घातलं, तर रेघ तुटणार.

"हे काय?" अ‍ॅल्मानं विचारलं.

"काही नाही. पट्टी किती सरकते ते कळतं."

अ‍ॅल्मानं रेघेकडे पाहिलं, मग हिल्डाच्या तोंडाकडे. "असं होय," ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी हिल्डा दहाला आली. टेबलावर काही नव्हतं. किटली नाही, बशी नाही, साधं कापडसुद्धा काढून ठेवलेलं.

"या, नर्सबाई," अ‍ॅल्मा म्हणाली. "बसा."

हिल्डाला वाटलं थट्टा आहे. "मावशी, आज काय सरकारी पाहुणी झाले का मी?"

"पाय तयार आहे. आधी रेघ बघा तुम्ही."

हिल्डा गुडघ्यावर बसली. रेघ वरपासून खालपर्यंत अखंड होती. केसाएवढीसुद्धा कुठे हलली नव्हती.

"नीट बघा. उजेडात घ्या हवं तर."

"छान आहे, मावशी. आता बघ, जखम कशी—"

तिनं कात्री खालपर्यंत चालवली. पट्टीखाली घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाय भाजल्यासारखा लाल झाला होता, बारीक फोड फुटून लस वाहत होती, आणि पट्टी जिथे संपत होती तिथेच तो लालपणाही संपत होता, मोजून, हिल्डाच्या हातच्या फेऱ्यांइतकाच सुबक. सुईचं हे काम नव्हतं. मलमाचं होतं. आतली जखम अर्ध्या क्राउनएवढी झाली होती.

"सात दिवस," अ‍ॅल्मा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रात्री हात पलंगाच्या दांडीला दुपट्ट्यानं बांधून घ्यायचे मी. झोपेत चुकून रेघ तुटली असती तर तुम्हाला काय सांगितलं असतं?"

"मावशी, मला फोन करायचास—"

"कशाला? तुम्ही याव्यात म्हणून?"

हिल्डानं वर पाहिलं. अ‍ॅल्मा खिडकीकडे पाहत होती, जिथे गेल्या गुरुवारी मोटार उभी होती.

"काचेला कान नसतात, नर्सबाई. पण क्लाराच्या पोरीनं हे विसरावं? तुम्ही चालायला शिकण्याआधी आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघायला शिकला होतात."

हिल्डानं कात्री खाली ठेवली. माफी मागायची हीच वेळ होती, आणि तोंडून निघालं ते दुसरंच. "नव्या मलमाचा दोष असावा," ती म्हणाली. "काही लोकांना ते सोसत नाही."

हे खरं होतं. खोटं त्यात एवढंच होतं, की ते पुरेसं खरं नव्हतं. ज्या चार शब्दांनी तिला मोकळं केलं असतं, 'मी तपासून बघितलं नाही', ते तिनं म्हटलेच नाहीत. अ‍ॅल्मानं मान हलवली. हिल्डानं डॉक्टरांना बोलावून आणलं, त्यांनी लावायला दुसरं साधं मलम लिहून दिलं, हिल्डानं पाय नुसत्या सुती कापडात आणि लवचिक पट्टीत बांधला, आणि बिनचहाची बाहेर पडली.

त्या दिवसापासून हिल्डाला आपल्या हातांची शरम वाटायला लागली. हे हात सगळं गाव वाखाणत होतं. पट्टी बांधताना कुणी म्हणालं, "तुझ्यासारखी तूच गं हिल्डा," की तिला कुणीतरी सगळ्यांसमोर थोबाडीत मारल्यासारखं होई. जेवताना तिला पलंगाची दांडी दिसायची आणि तिला बांधलेला दुपट्टा. तिनं नेलीला सांगितलं. नेली म्हणाली, "अगं, चार महिन्यांत तू एक सुट्टी घेतलीस." तिनं मोठ्या नर्सबाईंना, ग्रिमशॉबाईंना, जाऊन सगळं सांगितलं आणि नोंदवहीत आपल्या अक्षरात लिहिलं, की तपासणी न करता पट्टी बांधली, चूक माझी. ग्रिमशॉबाईंनी चष्मा काढला. "हिल्डा, या डब्यांनी आणखी दोघांचे पाय बिघडवलेत. मी ते परत पाठवतेय. तू मनाला लावून घेऊ नकोस." म्हणजे माफ करणारी माणसं भरपूर भेटत होती. फक्त ज्या एकीनं करायला हवं, ती तिला 'तुम्ही' म्हणत होती.

मे महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी कपाटाच्या दाराला पांढरी चोळी टांगलेली दिसली. खळ लावलेली, कडक. पाय सुधारत होता, पण जूनपर्यंत दोन तास उभं राहण्याइतका होणार नाही हे दोघींना ठाऊक होतं. हिल्डानं पट्टी बांधून संपवली आणि उठली नाही. जमिनीवरच बसून राहिली.

"मावशी, एक सांगायचंय."

"सांगा."

"नवं मलम असलं की आधी तुकडा दंडाला लावून दोन दिवस बघायचं असतं. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मी ते केलं नाही. मला समुद्रावर जायचं होतं. साडेबाराची बस होती. तू खाजतंय म्हणालीस तेव्हा मी मोटारीतून उतरलेसुद्धा नाही. आणि मग बाहेर जाऊन तुझ्याबद्दल तसं बोलले." तिनं चोळीकडे पाहिलं. "यंदा तू तिथे उभी राहणार नाहीस ती माझ्यामुळे."

अ‍ॅल्मानं विणकाम उचललं, दोन टाके घातले आणि विचारलं, "समुद्र कसा होता?"

"पाऊस होता. सगळे दिवस."

"बरं झालं," अ‍ॅल्मा म्हणाली.

एवढंच. चहा आला नाही. पण हिल्डा दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, "दार नीट लावून घे. वारा येतो."

'घ्या' नाही, 'घे'. हिल्डा त्या एका शब्दावर चार आठवडे जगली, आणि तो जिभेवरून चुकून घसरला असेल या भीतीत मरतही राहिली. कारण पुढच्या गुरुवारी पुन्हा 'या, नर्सबाई' होतं.

जूनमधला रविवार उजाडला. चॅपल खच्चून भरलं होतं. वेदीसमोर लाकडी मंच, त्यावर सहा ओळी, सगळं पांढरं. दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसऱ्या जागी पोस्टातली एक तरुण बाई उभी होती आणि तिच्या चोळीला झालर नव्हती. अ‍ॅल्मा खाली, पहिल्या रांगेच्या बाकावर बसली होती. अंगात झालरीची चोळी, डाव्या पायात नवऱ्याची चपटी सपात, पाय एका छोट्या स्टुलावर ठेवलेला. हिल्डा वर गॅलरीत, एका खांबाच्या मागे बसली होती. समोर बसायचं धैर्य नव्हतं आणि न येण्याचंही नव्हतं.

गाणं सुरू झालं. ब्रॅकनशॉचे लोक गातात तेव्हा छपराचं लाकूड थरथरतं. त्या गजरात साचेखात्याइतकंच काही ऐकू येत नाही. दुसऱ्या गीताच्या मध्यावर अ‍ॅल्मानं मान वळवली. ओळीमागून ओळ शोधत तिची नजर वर गॅलरीत गेली, खांबाशी थांबली. तिनं तोंड उघडलं. गायला नव्हे. मोठं, सावकाश, एकेक अक्षर ओठांनी घडवत, जसं एकेकाळी चार साच्यांपलीकडून क्लाराला सांगायची तसं.

*खाजतंय.*

हिल्डा उठली. शेजारच्या बाईच्या गुडघ्यांवरून, कुणाच्या तरी टोपीवर हात टेकत ती रांगेतून बाहेर पडली. "काय गं, बरं वाटत नाही का?" कुणीतरी विचारलं. ती जिना उतरली, तिच्या टाचांचा आवाज गाण्यातसुद्धा ऐकू आला असावा, कारण धर्मगुरूंनी पुस्तकावरून डोळे उचलून पाहिलं. साऱ्या चॅपलच्या देखत ती मधल्या वाटेनं धावत पुढे आली, मंचावरच्या सहा ओळींसमोर गुडघ्यांवर बसली आणि अ‍ॅल्माच्या परकराची कड वर केली. पट्टी कोरडी होती. घट्ट, पांढरी, पदराला पदर लागलेला. तिनं बोट आत घालून पाहिलं, कातडी थंड होती. बोटांची नखं पाहिली, गुलाबी होती.

वर अ‍ॅल्मा गात होती. कडवं संपेपर्यंत तिनं खाली पाहिलंही नाही. मग खाली वाकून, आवाज न काढता, ओठांनी म्हणाली, *काही झालेलं नाही. येतेस का ते पाहिलं.*

हिल्डाच्या टोपीचं पीस मोडून कानावर आलं होतं. आई गेल्यापासून जे तिनं कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. तोंड मोठं केलं आणि त्या गजरात, बिनआवाजी, एकेक अक्षर घडवून म्हणाली, *चुकलं माझं, मावशी.*

अ‍ॅल्मानं ते शेवटपर्यंत वाचलं. मग बाकावर सरकून जागा केली, हातातलं गीतांचं पुस्तक अर्धं हिल्डाच्या पुढे धरलं आणि बोट ठेवलं.

"कळलं," ती म्हणाली, या वेळी आवाजात. "ऊठ आता, फरशी गार आहे. पान एकशे चौदा."